लिबरऑफिसमधली दुरुस्ती तपासायची आहे? नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्रोग्रामर नाही. लिबरऑफिस हे फुकट मिळणारं, खुल्या कोडचं ऑफिस-सॉफ्टवेअर. त्याच्या बगझिलात, म्हणजे बिघाडांच्या ऑनलाइन नोंदवहीत, सवडीने बग (बिघाड) तपासतो, एवढंच. ओळखीतली कॉलेजची मुलं, एक निवृत्त शिक्षक आणि डीटीपीची कामं करणारे दोघंतिघं आलटून पालटून तेच प्रश्न विचारत असतात. दर वेळी व्हॉट्सॲपवर टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

मला कोडिंगचा क सुद्धा येत नाही. मग ओपन सोर्समध्ये मी काय करणार?

कोणी तरी दुरुस्ती केली आहे. ती खरोखर झाली का, हे बघायला माणूस हवा असतो. ते तुम्ही करणार.

लिबरऑफिसमध्ये हे कसं चालतं, ते सांगतो. कोणी बग नोंदवला की त्याची अवस्था ‘अनकन्फर्म्ड’ असते. दुसऱ्या कोणाला तरी तोच बिघाड स्वतःच्या यंत्रावर दिसला की ती ‘न्यू’ होते. मग एखादा डेव्हलपर तो हातात घेतो आणि पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिहितो. गेरिट नावाच्या यंत्रणेत बाकीचे तो वाचतात आणि पास झाला की तो मूळ कोडमध्ये जातो. त्या क्षणी बगच्या पानावर एक आपोआप आलेली टिप्पणी उमटते: अमुक माणसाने या बगसंबंधी पॅच टाकला आहे, तो अमुक आवृत्तीत येईल, पुढच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत तो डेली बिल्डमध्ये (रोज बांधल्या जाणाऱ्या कच्च्या आवृत्तीत) असावा. शेवटी एक विनंती असते, की ज्यांना हा त्रास होत होता त्यांनी दुरुस्ती तपासून कळवावं.

ही विनंती बहुतेक लोक वाचून पुढे जातात. मूळ तक्रारदाराने तोवर दुसरा मार्ग काढलेला असतो, किंवा तो विसरून गेलेला असतो. डेव्हलपरने आपल्या यंत्रावर पाहिलेलं असतं, पण त्याचं यंत्र म्हणजे जग नव्हे. या रिकाम्या जागेत तुम्ही बसायचं. तपासून बगची अवस्था ‘रिझॉल्व्ड’वरून (सुटला) ‘व्हेरिफाइड’ (पडताळला) करायची, किंवा झालं नसेल तर तसं सांगायचं.

पण हे लोक बाहेरदेशी बसलेले. त्यांना माझ्यासारख्याची काय गरज?

लिबरऑफिस चालवणारी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था बर्लिनची. २०१० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्गमधून फुटून हा प्रकल्प निघाला. कोड लिहिणारे जगभर पसरलेले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. ते हुशार आहेत, पण ‘तऱ्हा’मधला ऱ नीट दिसतोय की नाही, हे त्यांना नुसतं बघून कळणार नाही. तुम्हाला अर्ध्या सेकंदात कळतं. हीच तुमची पात्रता.

हिंदीवाल्यांनी तपासलं की देवनागरी झालीच, असंही समजू नका. दुसऱ्या, वाऱ्यावर, पुऱ्या, सुऱ्या हा आपला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हिंदीत नाही. ल आणि श यांची आपली वळणं वेगळी. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फायलींत ते अ आणि वर चंद्र असं जोडून लिहिलेलं सापडतं, आणि काही फॉन्टांत त्याचा पार विचका होतो. हा पापणीचा र सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र एका पद्धतीने लिहिलेलं ‘दुसऱ्या’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचं सापडेलच, असं नाही. अशा गोष्टी मराठीत रोज टाइप करणाऱ्यालाच खटकतात.

डेली बिल्ड म्हणजे कच्चा माल ना? माझं चालू ऑफिस बिघडलं तर?

डेली बिल्ड तुमच्या नेहमीच्या लिबरऑफिसवर चढत नाही, त्याच्या शेजारी बसतं. नावही वेगळं असतं, ‘लिबरऑफिसडेव्ह’. सेटिंगा आणि डिक्शनऱ्या ठेवणारं प्रोफाइलही वेगळं. दोन्ही सुखाने नांदतात. विंडोजवरचं डाउनलोड तीन-साडेतीनशे एमबीच्या घरात जातं, तेव्हा मोबाइलचा डेटा वापरत असाल तर आधी शिल्लक बघा.

धोका असतो तो फायलींना. कच्च्या आवृत्तीत फाइल उघडून सेव्ह केली की त्यात काय जाईल, याची हमी कोणी देत नाही. मी हा धडा मावसबहिणीच्या लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीवर शिकलो. कॅल्कमधली (लिबरऑफिसचं तक्त्यांचं ॲप) एक सॉर्टिंगची दुरुस्ती तपासायला ‘ही यादी हाताशी आहे’ म्हणून तीच उघडली आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं. नावं एका क्रमाने लागली, पत्ते दुसऱ्याच. चूक माझी होती, सॉर्ट करताना मी एकच रकाना निवडला होता. पण मावशीला हे समजावता आलं नाही आणि दोन संध्याकाळी जुन्या डायरीवरून पत्ते जुळवत बसावं लागलं. तेव्हापासून ‘चाचणी’ नावाचा फोल्डर वेगळा ठेवतो आणि त्यात कॉपीच असतात.

एखादी दुरुस्ती तपासून दाखवा ना, सुरुवातीपासून.

दाखवतो. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण क्रम हाच असतो.

समजा बग असा आहे: रायटरमध्ये (लिबरऑफिसचं मजकूर लिहिण्याचं ॲप) ‘वाऱ्यावरची’ हा शब्द ठळक केला की पापणीचा र मोडतो आणि पाय मोडलेला ऱ वेगळा, य वेगळा दिसतो. खाली पॅच आल्याची टिप्पणी आहे.

पहिलं काम म्हणजे दुरुस्ती न झालेली आवृत्ती उघडणं. नवखे लोक थेट नवी आवृत्ती उघडतात, शब्द ठळक करतात, नीट दिसतो आणि ‘वर्किंग फाइन’ लिहून मोकळे होतात. माझी पहिली टिप्पणी नेमकी अशीच होती. त्यावर एका अनुभवी माणसाने एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे आधी बिघडत होतं का? मी पाहिलंच नव्हतं. कदाचित माझ्या यंत्रावर तो बग कधीच नव्हता, आणि तसं असेल तर माझ्या ‘फाइन’ला काडीचा अर्थ नव्हता. बिघाड आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मग तो गेलेला बघायचा. या दोन्हींच्या मधे फक्त आवृत्ती बदललेली असावी. फाइल तीच, फॉन्ट तोच, यंत्र तेच.

तर तुमच्याकडच्या नेहमीच्या आवृत्तीत बगला जोडलेली फाइल उघडा. जोडलेली नसेल तर नवी बनवा, आणि शक्य तितकी लहान बनवा. चाळीस पानांच्या प्रबंधातला बिघाड एका शब्दाच्या फायलीत आणता आला, तर अर्धी लढाई जिंकली. शब्द ठळक करा. मोडला? छान. स्क्रीनशॉट घ्या.

आता फॉन्ट बघा. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. लिबरऑफिस इंग्रजी मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतं. आपल्या लिपीला ते ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या खात्यात धरतं. शिवाय निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतील तर दुसराच फॉन्ट गुपचूप वापरला जातो आणि वरच्या पट्टीत नाव मात्र पहिल्याचंच राहतं. म्हणून शब्द निवडा, कॅरेक्टरची खिडकी उघडा आणि कॉम्प्लेक्स लिपीखाली कोणता फॉन्ट आहे ते वाचा. मग तोच शब्द निदान दोन फॉन्टांत करून बघा, जसं की नोटो सान्स देवनागरी आणि लोहित देवनागरी. लोहित हा रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला फॉन्ट. एकात मोडतो आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर दोष फॉन्टचा असण्याची शक्यता दाट. तिथे लिबरऑफिसच्या डेव्हलपरला कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही.

आता डेली बिल्ड. उघडल्यावर हेल्प मेनूतलं अबाउट बघा. त्यात आवृत्ती, बिल्डचा लांबलचक क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) असं सगळं येतं आणि शेजारी कॉपीचं बटण असतं. ते जसंच्या तसं टिप्पणीत चिकटवायचं. बिल्डची तारीख पॅचनंतरची आहे ना, हे आधी तपासा. कालचं बिल्ड आणि आजचा पॅच, असा घोळ दर आठवड्याला कोणी ना कोणी घालतंच.

तीच फाइल उघडा, शब्द ठळक करा. जुळला? मग जरा आजूबाजूला बोट घाला: तिरपा करून बघा, रंग बदला, सेव्ह करून परत उघडा, पीडीएफ काढा, त्या पीडीएफमधून शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. दुरुस्तीने एक दार बंद करताना दुसरं उघडं टाकल्याचं अशाच ठिकाणी सापडतं.

टिप्पणी साधारण अशी होईल, अर्थात इंग्रजीत: ‘अमुक आवृत्तीत, विंडोज ११ वर, जोडलेल्या फायलीने बिघाड दिसला. अमुक बिल्डमध्ये तीच फाइल, तोच फॉन्ट, बिघाड गेला. तिरप्या अक्षरांतही ठीक. पीडीएफमध्ये ठीक. दुरुस्ती करणाऱ्याचे आभार.’ खाली दोन्ही अबाउटचे मजकूर. मग अवस्था ‘व्हेरिफाइड’.

पहिल्यांदा या सगळ्याला तास-दीड तास लागतो. नंतर वीस मिनिटांत उरकतं.

जुन्या आवृत्तीतही मला बिघाड दिसत नाही. मग?

तसंच लिहा. हे उत्तर फुकट जात नाही. पण आधी टप्पे पुन्हा वाचून पाहा, आणि स्वतःला विचारा की तक्रारदाराची ऑपरेटिंग सिस्टिम तुमचीच आहे का. आपलं बिघडलेलं प्रोफाइल मधे लुडबुड करतंय अशी शंका असेल तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून बघा.

दुरुस्ती अर्धवट वाटते. बग परत उघडू का?

मूळ तक्रारीतले टप्पे तसेच केल्यावर तोच बिघाड दिसत असेल तर हो, पुरावा जोडून. पण ‘ठळक अक्षर सुधारलं, तळटीपेत मात्र अजून मोडतंय’ असं असेल तर तो बहुधा नवा बग. तो वेगळा नोंदवा आणि जुन्याचा दुवा द्या. एकाच बगमध्ये गावभरची दुखणी सांगितली की तो कोणालाच नकोसा होतो. खात्री नसेल तर अवस्था न बदलता नुसती टिप्पणी टाका, कोणी रागावत नाही.

माझं इंग्रजी बेताचं आहे.

बगच्या इंग्रजीला अलंकार लागत नाहीत. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं: या तीन गोष्टी तुटक वाक्यांत लिहिल्या की पुरतं. तिथे लिहिणाऱ्या कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही. मराठी शब्द असेल तर तो देवनागरीतच चिकटवा आणि कसा दिसायला हवा त्याचं चित्र जोडा. जिथे चूक आहे तिथे लाल गोल काढा. समोरच्याला अक्षर वाचता येत नाही, हे विसरू नका. ‘चुकीचं दिसतंय’ याचा त्याला काहीच बोध होत नाही.

एआयकडून रिपोर्ट लिहून घेतला तर चालेल?

तुमचं मराठी इंग्रजीत करून घ्या, बेलाशक. पण न केलेले टप्पे त्याच्याकडून लिहून घेऊ नका. असले गुळगुळीत, लांबलचक रिपोर्ट वाचून प्रकल्प सांभाळणारे लोक वैतागले आहेत, आणि एकदा तुमच्या नावावर तसा शिक्का बसला की खरी तक्रारही दुर्लक्षित राहते.

नुकत्या झालेल्या दुरुस्त्या सोडून सुरुवातीला सोपं काही आहे का?

आहे, आणि ते मला दुरुस्त्यांपेक्षाही आवडतं: जुने बग. वर्षभर कोणी हात न लावलेल्या बगवर ‘हे अजून होतंय का, ताज्या आवृत्तीत पाहा’ अशी विनंती आपोआप पडते. त्यातला देवनागरीचा किंवा तुम्ही रोज वापरता त्या फीचरचा एखादा उचला आणि पाहा. कित्येक बग दुसऱ्याच कामाच्या ओघात कधीच सुटलेले असतात आणि कोणाला पत्ता नसतो. विशेषतः अक्षरजुळणीचे. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसने सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ हे एकच इंजिन धरलं. त्याआधीच्या देवनागरीच्या तक्रारी वाचताना ही गोष्ट डोक्यात असू द्या.

अजून होत असेल तर एक पाऊल पुढे जा. जुन्या आवृत्त्यांचं अर्काइव्ह उपलब्ध आहे, अगदी २०११ च्या ३.३ पर्यंत. तिथेही बिघाड असेल तर तो ओपनऑफिसकडून वारसाहक्काने आलेला, आणि तशी नोंद करायची सोय बगझिलात आहे. तिथे नसेल तर मधेच कधीतरी बिघडलं. त्याला रिग्रेशन म्हणतात.

‘बायबिसेक्ट’ हा शब्द सारखा दिसतो. ते काय प्रकरण आहे?

कोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून चाळत नाही. मधे उघडतो, पुढे की मागे ते ठरवतो, परत मधे उघडतो. इथे पानांऐवजी आयत्या बांधलेल्या शेकडो आवृत्त्या एका गिट रिपॉझिटरीत (बदलांचा क्रम जपणाऱ्या कोठारात) ओळीने ठेवलेल्या असतात. मधली चालवायची, चांगली की वाईट एवढं सांगायचं, यंत्र पुढची काढून देतं. हजार आवृत्त्यांतून गुन्हेगार बदल गाठायला दहाएक खेपा पुरतात. कोड वाचावा लागत नाही. डाउनलोड मात्र अनेक जीबींचं, तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये बसणाऱ्यांनी हे जरूर शिकावं. बिघाड नेमक्या कोणत्या बदलाने आला, हे आयतं मिळालं की डेव्हलपरचे तासन् तास वाचतात आणि तुमचं नाव लक्षात राहतं.

मी लिनक्सवर आहे. तिथेही असं काही?

भरपूर. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात अपडेट लोकांपर्यंत जाण्याआधी चाचणीच्या रिपॉझिटरीत थांबतं. ‘बोधी’ नावाच्या यंत्रणेत लोक ते वापरून पाहतात आणि अधिक एक किंवा उणे एक देतात. त्या गुणांना ‘कर्मा’ म्हणतात. बोधी आणि कर्म, दोन्ही आपल्याकडचेच शब्द, त्यामुळे आपण बघ्याच्या भूमिकेत राहणं शोभत नाही. उबंटू या दुसऱ्या प्रकारात ‘प्रपोज्ड’ नावाची तशीच चाचणीची रिपॉझिटरी असते. तिथे बगला पडताळणी हवी असल्याचा टॅग लागतो आणि तपासून झालं की तो बदलतात. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तर तपासणाऱ्याचं नाव ‘टेस्टेड-बाय’ अशा ओळीत बदलाच्या नोंदीतच जातं, कायमचं.

सर्टिफिकेट मिळतं का? नोकरीला उपयोग होतो?

‘व्हेरिफाइड’ केल्याचं सर्टिफिकेट मिळत नाही. मुलाखतीत मात्र स्वतःच्या नावाच्या बगझिलाच्या नोंदी उघडून दाखवता येतात. टेस्टिंगच्या कामासाठी जाणाऱ्याला त्या ‘टीम प्लेयर’ लिहिण्यापेक्षा नक्की बऱ्या. पण समोरच्याने ते बघितलंच पाहिजे, असं मी कोणाला सांगत नाही.

टी-शर्टच्या मागे लागणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४ पासून चालतो. ऑक्टोबरात ठरावीक पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) केल्या की पूर्वी टी-शर्ट मिळायचा. २०२० साली लोकांनी कोणाच्याही प्रकल्पाच्या रीडमी (ओळख करून देणाऱ्या) फायलीत एखादा शब्द घुसडून रिक्वेस्टींचा असा पूर आणला, की नियम बदलून प्रकल्पाची आधी संमती घेणं सक्तीचं झालं. त्या गोंधळात आपल्या देशातल्या मुलांची नावं बरीच निघाली. एखादी नेटकी तपासणी करा, तिचा उपयोग जास्त.

फाइल जोडायची आहे, पण ती ऑफिसची आहे.

जोडू नका. बगझिलातली जोडणी सगळ्या जगाला दिसते. सातबारा, मार्कशीट, पगारपत्रक, काहीही असो, नवी फाइल घ्या, त्यात ‘अबक’ आणि ‘१२३’ भरा आणि बिघाड तसाच दिसतो का ते बघा. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात उघडा राहिलेला मेलबॉक्ससुद्धा कापून टाका.

मी टिप्पणी टाकली, आठवडा झाला, कोणी हूं की चूं केलं नाही.

दुरुस्ती झाली असल्याचं तुम्ही सांगितलंत, तर त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. शांतता म्हणजे पावती समजा. झाली नसल्याचं सांगितलं असेल तर दोन आठवड्यांनी एकदा, सभ्यपणे विचारा. लिहिणारे बरेच जण नोकरी सांभाळून हे करतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: तुमच्याकडे माहिती मागितली की बग ‘नीडइन्फो’त जातो. सहा महिने उत्तर दिलं नाही तर आठवण येते, आणि तरीही गप्प राहिलात तर तो बंद होतो.

कंटाळा आला तर मधेच सोडलं तर चालतं?

चालतं. हजेरीपट नाही. फक्त ‘हे मी तपासतो’ असं कुठे लिहून ठेवलं असेल तर तिथे एक ओळ टाका, की जमत नाही, कोणीतरी घ्या. नाहीतर तुम्ही बघताय म्हणून बाकीचे हात लावत नाहीत. मग बगच्या सीसी यादीतून आपलं नाव काढा, म्हणजे मेल येणं थांबेल. डेली बिल्ड अनइन्स्टॉल करा, जागा मोकळी होईल. नेहमीचं लिबरऑफिस तिथेच असेल.